वाजवणाऱ्यांच्या हाती

चि. भाचेबुवांस,


तुमच्या जॅझ महोत्सवाचा आराखडा मिळाला. दोनदा वाचला. दोन संध्याकाळी, परदेशी पाहुणा, प्रायोजकाचा भलामोठा फलक, हे सगळं ठीक आहे. खर्चाच्या तक्त्यात मांडव आहे, साउंड आहे, हॉटेल आहे. पुण्यात वर्षभर वाजवणाऱ्या पोरांच्या वाट्याला मात्र पहिल्या दिवशीचा अर्धा तास, तोही बिनपैशाचा. यात वादकांना आधार कुठे आहे, ते मला सापडलं नाही. मत विचारलंस म्हणून सांगतो. मामाचं मत मागितल्यावर ते लांबतं, हे तुला ठाऊक आहेच.

शिकागोची गोष्ट घे. १९६५ साल. शहराच्या दक्षिण भागातल्या कृष्णवर्णीय वस्तीतले क्लब बंद पडत चालले होते. रेकॉर्ड लावून लोक नाचत असतील तर पाच माणसांचा बँड पोसायचा कशाला, असा मालकांचा सरळ हिशेब. तेव्हा म्यूहल रिचर्ड एब्रम्स आणि जोडी ख्रिश्चन हे पियानोवाले, फिल कोहरन हा ट्रम्पेटवाला आणि स्टीव्ह मॅकॉल हा ड्रमवाला, या चौघांनी ओळखीच्या वादकांना पोस्टकार्डं टाकली. मे महिन्यात बैठका सुरू झाल्या आणि त्यांतून ‘असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ क्रिएटिव्ह म्युझिशियन्स’ उभी राहिली. एवढं लांब नाव कोण घेणार? सगळे एएसीएमच म्हणतात.

त्या बैठका टेपवर उतरवल्या होत्या. याच संस्थेत वाढलेला ट्रॉम्बोनवादक जॉर्ज लुईस याने २००८ साली संस्थेचा जाडजूड इतिहास लिहिला, त्यात त्या टेपांमधलं बोलणं दिलं आहे. जरूर वाच. घासाघीस चालली आहे ती आपण वाजवायचं काय, यावर. शेवटी ठरलं की संस्थेच्या मैफलीत प्रत्येकाने स्वतःची रचना सादर करायची. लोकांच्या ओळखीच्या चाली वाजवून टाळ्या घ्यायच्या असतील तर त्या दुसरीकडे. स्वतःची म्हणजे नेमकी कशी, यावरून पुढे मतभेद झाले आणि कोहरन थोड्याच काळात बाहेर पडला.

त्या नियमाची खरी गंमत मला पुढे जे झालं त्यात वाटते. स्वतःचं वाजवायचं तर लिहिता यायला हवं, आणि कित्येकांना ते येत नव्हतं. एब्रम्स स्वतः बरंचसं आपलं आपण शिकलेला. त्याने आधीपासून एक बँड चालवला होता, जिथे कोणीही नवं लिहून आणावं आणि सगळ्यांनी ते वाजवून पाहावं. त्यातूनच १९६७ साली संस्थेची शाळा निघाली. शनिवारचे वर्ग, फी नाही, शिकवणारे तेच रात्री वाजवणारे. म्हणजे शिक्षण हा काही दानधर्माचा वेगळा विभाग नव्हता, मैफलीच्या गरजेतून ते आलं. मैफलीही त्यांच्याच. जागा ठरवण्यापासून तिकिटं विकण्यापर्यंत सगळी कामं सभासद करत. तुझ्या आराखड्यातली ‘कार्यशाळा (दीड तास)’ वाचताना मला हे आठवलं.

ध्वनिमुद्रणाची बाजू त्यांची लंगडी होती, तेही सांगायला हवं. रेकॉर्ड कंपनी त्यांची नव्हती. शिकागोतच रेकॉर्डचं दुकान चालवणारा बॉब कोस्टर ‘डेलमार्क’ नावाने रेकॉर्ड काढत असे, त्याने १९६६ साली संस्थेतल्या रॉस्को मिचेलची ‘साउंड’ काढली. संस्थेतल्याच अँथनी ब्रॅक्स्टनने पुढे ‘फॉर ऑल्टो’मध्ये दोन रेकॉर्ड भरून नुसता एकट्याचा सॅक्सोफोन वाजवला. त्या काळी हे धाडस छापायला कोणी मोठी कंपनी पुढे आली असती असं मला वाटत नाही. पण कीर्तीने पोट भरत नाही. १९६९ साली मिचेल आणि त्याचे सोबती पॅरिसला गेले, आणि ‘आर्ट एन्सेम्बल ऑफ शिकागो’ हे नाव त्यांना तिथेच मिळालं. शाळेला आणि मैफलींना त्यांच्या जाण्याने खीळ बसली नाही, कारण ती कुणा एकाची नव्हती. एएसीएमच्याच हेन्री थ्रेडगिलला २०१६ साली संगीताचं पुलित्झर मिळालं.

तू म्हणशील, मामा, ते अमेरिकेत. मग आपल्याकडचं बघ. शिक्षण होतं: पोर्तुगीज राजवटीत गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून पोरांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवलं जाई, कारण चर्चला गायक-वादक हवे असत. वाजवायला जागा होती: तीच पोरं मुंबईला येऊन धोबी तलावच्या कुडांत, म्हणजे गोवेकरांच्या सामाईक बिऱ्हाडांत, राहिली आणि हॉटेलांच्या बँडमध्ये शिरली. टेडी वेदरफर्ड हा शिकागोत नाव कमावलेला पियानोवादक ताजमध्ये वाजवत होता, म्हणजे शिकागोची तालीम मुंबईत घरबसल्या मिळत होती. ध्वनिमुद्रण तर धो धो होतं, सिनेमाचं. १९५१ चा ‘अलबेला’ पुन्हा पाहा. भगवानदादांच्या नाचामागे जो बँड दिसतो तो हळदोणच्या चिक चॉकलेटचा, आणि संगीत सी. रामचंद्र म्हणजे आपले चितळकर. काय झणझणीत वाजवलंय! पण अशा शेकडो गाण्यांच्या तबकड्यांवर ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन वाजवणाऱ्यांची नावं शोधशील तर हाती काही लागणार नाही.

तिन्ही गोष्टी होत्या, पण शाळा चर्चची, स्टेज हॉटेलवाल्याचं आणि ध्वनिमुद्रण निर्मात्याचं. वादकाच्या ताब्यात एकही नाही. अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली मोठा वाद्यवृंद जमवून स्वतःच्या रचना सादर केल्या, लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. ते टिकलं नाही. गोन्साल्विस पुढे अमेरिकेला गेले आणि त्यांचं नाव घरोघरी पोचलं ते त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यामुळे. त्या गाण्यावर नाचणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की हा माणूस खरोखर होता?

महोत्सवांना मी नावं ठेवत नाही. १९७८ साली निरंजन झवेरींनी जॅझ यात्रा सुरू केली, मुंबईच्या रंगभवनात सॅक्सोफोनवाला सॉनी रोलिन्स येऊन वाजवून गेला. लुई बँक्स, ब्राझ गोन्साल्विस यांच्यासारख्या आपल्या वादकांनाही त्या यात्रेने बाहेरच्या देशांत नेलं. ते काम मोठंच. पण यात्रा संपली की वादक पुन्हा हॉटेलात, ऑर्डरप्रमाणे वाजवायला.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच की परदेशी पाहुणा या वर्षी राहू दे. त्या पैशांत एखाद्या शाळेचा हॉल दर महिन्याला एका संध्याकाळपुरता घे. तिकीट लाव, स्वस्त का असेना, आणि गल्ला वाजवणाऱ्यांनाच वाटू दे. स्वतःची एक तरी रचना आणण्याची अट घाल; सुरुवातीला रडतखडत येतील, येऊ देत. जे बरं वाजेल ते नीट रेकॉर्ड करा आणि हक्क वादकाच्या नावावर लिहून द्या, कागदावर, सही करून. शनिवारी वर्ग ठेवा. प्रायोजक यावर खूश होणार नाही, हे मला कळतं.

मुख्य म्हणजे हे पत्र प्रायोजकाला नको, त्या पोरांना दाखव, आणि काय करायचं ते त्यांना ठरवू दे. बैठकीची तारीख कळव. वर्षाची वर्गणी मी आगाऊ देतो आणि मागच्या रांगेत गप्प बसतो.

तुझा,
मामा