पायाला भिंगरी, हाती टायमर

सत्तरच्या दशकात दिल्लीत सरोजिनीनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वेळ घड्याळाआधी कानावर यायची. रेडिओवर आठच्या हिंदी बातम्या लागल्या की दप्तर भरलेलं हवं. ठरलेली डीटीसीची बस चुकली तर पहाडगंजच्या नूतन मराठी शाळेत पोहोचेपर्यंत प्रार्थना आटोपलेली. संध्याकाळी एका दारातून आईची हाक आली की पाठोपाठ चार दारांतून हाका येत आणि मैदान रिकामं होई.

माझ्या धाकट्या भावाच्या पायाला तेव्हा भिंगरी होती. कंपास, स्वेटर, डबा यांतलं रोज काहीतरी हरवायचं. तोंडी गणितात तो भल्याभल्यांना ऐकायचा नाही. वहीत मात्र तिसऱ्या गणितानंतर विमानाचं चित्र. शेजारच्या सफदरजंग विमानतळावरून ग्लायडर उडाला की हा गच्चीवर, आणि खाली पुस्तक उघडं. आमच्या वडिलांच्या, अण्णांच्या लेखी यावर एकच औषध होतं, ते कपाटामागे उभं केलेलं असे. शाळेत तो ‘उनाड’ आणि ‘धांदरट’, शेजाऱ्यांकडे ‘शरारती’. पुण्यात जसं येरवड्याचं नाव काढायचे, तसं आमच्याकडे थट्टेत म्हणायचे, “ह्याला शाहदऱ्याला पाठवा.”

शाहदऱ्याच्या त्या मनोरुग्णालयाची १९९३ मध्ये ‘इहबास’ ही संस्था झाली. आता आईवडील मुलांना घेऊन आपणहून तिथे जातात. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या सूचीत ‘अवधानाची कमतरता’ हे निदान १९८० मध्ये आलं आणि एडीएचडी हे नाव १९८७ मध्ये. तोवर भावाची शाळा कधीच संपली होती. कॉलेज अर्धवट सोडून तो नेहरू प्लेसला कॉम्प्युटरच्या धंद्यात शिरला. दिवसभर उभ्यानं चार गिऱ्हाइकांशी एकदम बोलायचं काम त्याला झकास मानवलं.

माझा नातू पंधरा वर्षांचा आहे, गुरुग्रामला एका टॉवरमध्ये राहतो. त्याच्या घरात घड्याळं आमच्यापेक्षा जास्त आहेत, पण कुणाची हाक येत नाही. शाळेची बस थेट सोसायटीच्या फाटकाशी येते आणि बाकीचं सगळं फोनमध्ये. त्याला एडीएचडी आहे हे डॉक्टरांनी सांगितलं, गोळी सुरू झाली, शिवाय आठवड्यातून एकदा एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट ताई कोच म्हणून त्याच्याबरोबर बसतात. कोच हा शब्द हल्ली दिल्लीत कुणीही पाटीवर लिहितं, म्हणून लेकीनं आधी त्यांची पुनर्वास परिषदेची नोंदणी पाहिली. बरं केलं.

एकदा मीही त्या खोलीत होते. ताईंनी आधी तो एका बैठकीत किती वेळ टिकतो ते मोजायला लावलं आणि टायमर तेवढाच लावला. अर्धा तास वगैरे नाही. शेजारी एक कोरा कागद. फिजिक्स करताना डोक्यात जे येईल ते त्यावर लिहायचं, उठायचं मात्र नाही. टायमर वाजला तेव्हा कागदावर होतं : चार्जर, मॅचचा स्कोअर, आर्यनला मेसेज, ढोकळा आहे का. यांतलं आत्ताच करायला हवं असं काय, असं ताईंनी विचारलं. त्यानं ढोकळ्यावर खूण केली.

मग आली खरी गंमत. “होऊन जाईल, प्रेशर आलं की माझं बेस्ट होतं,” हे त्याचं पेटंट वाक्य. ताईंनी ते फळ्यावर लिहिलं आणि मागच्या तीन परीक्षांचा पुरावा मागितला. मला वाटायचं, मनोपचार म्हणजे खचलेल्याला धीर देणं. इथे पोराचा फाजील आशावाद तपासायचा होता. या मुलांना अनेकदा तोच नडतो म्हणे.

आमच्या वयाची मंडळी ठणकावून सांगतात, “आमच्या वेळी ही असली थेरं नव्हती.” मला ते पटत नाही. वेळेचा धाक, हाक मारणारी माणसं, धावायला मोकळी जागा, हे कोचिंगमधलं अर्धं काम आमची कॉलनी फुकटात आणि नकळत करायची. उरलेलं अर्धं कुणीच करत नव्हतं. तुझ्या डोक्यात नेमकं काय चालतं, हे भावाला कुणी विचारलं नाही. छडी मात्र चुकली नाही. अशा मुलांच्या मेंदूचा बाह्यस्तर सरासरी तीनेक वर्षं उशिरा पक्व होतो असं अमेरिकी संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं. अण्णा मुलाकडून मागत होते ते त्याच्याकडे अजून आलेलंच नव्हतं. आणि मुलींचं तर विचारूच नका. वर्गात एक मागच्या बाकावर खिडकीबाहेर बघत बसायची. तिचा कुणाला त्रास नव्हता, म्हणून तिच्याकडे कुणी पाहिलंही नाही. आजही मुलींचं निदान मुलांपेक्षा उशिरा होतं.

सरोजिनीनगरची ती क्वार्टर्स आता पाडली. पुनर्विकासासाठी झाडं तुटणार म्हणून २०१८ मध्ये लोक रस्त्यावर आले होते, तेव्हा पेपरातल्या फोटोंत मी आमची गल्ली शोधत होते.

ताईंनी गृहपाठ मलाही दिला आहे : स्वयंपाकघरातून ओरडायचं नाही, समोर जाऊन सांगायचं, तेही एका वेळी एकच काम. “पाणी भर, दिवा घालव, आणि तो टॉवेल...” एवढ्यात नातू बोट वर करतो, “आजी, एक!”

हे सगळं फोनवर ऐकून भाऊ खो खो हसला. निदानासाठी घरच्यांनी भरायचा तो फॉर्मही त्यानं मागवून वाचला. “ताई, यात माझंच वर्णन आहे गं!” आयकराचे कागद त्याच्या जेवणाच्या टेबलावर मार्चपासून पसरलेले आहेत. येत्या रविवारी तो ते पिशवीत घालून गुरुग्रामला येतोय. नातू फिजिक्स करील, हा आयकर, टायमर एकच.