गुलाबी थंडी, करडा स्वेटर

मागच्या डिसेंबरात सातवीच्या वर्गात फळ्यावर 'गुलाबी थंडी' लिहिलं. उर्दूतही 'गुलाबी जाडा' म्हणतात, हे सांगत होते, तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "टीचर, थंडी गुलाबी, मग मोठ्या माणसांचे स्वेटर काळेच का?"

वर्ग हसला. मी उत्तर दिलं. गडद रंग ऊन शोषतो. त्यावर मळ दिसत नाही, आणि लोकरीचा कपडा रोज कोण धुणार? रात्री मात्र रंगाचा काही उपयोग नाही, ऊब देते ती लोकरीत अडकलेली हवा. मग आपल्या धनगरांच्या घोंगडीबद्दल सांगितलं. दख्खनी मेंढीची लोकर मुळातच काळी-करडी, ती रंगवावी लागत नाही. सणगर ती विणतात आणि चिंचोक्याची खळ देतात. थंडी-पावसात तीच अंगावर. पट्टणकोडोलीच्या यात्रेत त्याच काळ्या घोंगड्यांवर पिवळा भंडारा उधळला जातो. 'सूफी' हा शब्दही 'सूफ' म्हणजे लोकर, यावरून आला असं बरेच अभ्यासक मानतात. नातमध्ये हुजूर (स.) यांना 'काली कमलीवाले' म्हणतात. म्हणजे काळा रंग फक्त दुःखाचा नाही.

घरी आले. अम्मी दारात उन्हाला बसली होती, अंगात करडा स्वेटर.

अब्बा गेले त्याला सहा वर्षं झाली. त्याच हिवाळ्यात अम्मीने स्वतःचा डाळिंबी स्वेटर कामवालीला देऊन टाकला. इद्दत चार महिने दहा दिवसांची. तेवढे दिवस साजशृंगार आणि भडक कपडे टाळायचे, पुढे दीनमध्ये रंगाला मनाई नाही. हे मला ठाऊक होतं. तरी दरवर्षी शहरात येणाऱ्या तिबेटी स्वेटरवाल्यांकडून अम्मीसाठी करडा, नाहीतर राखाडी स्वेटर मीच आणत होते. तिला कोणता हवा, हे एकदाही विचारलं नाही. विधवेच्या कुंकवा-बांगड्यांचा जाच आपल्यात नाही, असं आपण अभिमानाने सांगतो. मग हे काय होतं?

त्या रविवारी गुलाबी शाल आणली. अम्मीने हात फिरवून पाहिली, घडी केली आणि कपाटात ठेवली. "इस उमर में? लोग क्या बोलेंगे?"

"कौन लोग, अम्मी?"

ती गप्प बसली. मलाही पुढे बोलवेना, कारण त्या लोकांत मीही होते.

जानेवारीत एकदा फजरनंतर चहा टाकायला उठले. अम्मी जानमाजवर तसबीह ओढत बसली होती. अंगात करडा स्वेटर होताच, त्याच्या आत गळ्याशी गुलाबी काठ दिसत होता. बाहेर जाताना अजूनही ती शाल घेत नाही. मी आग्रह करत नाही. पण यंदा स्वेटर घ्यायला तिलाच सोबत नेणार आहे. रंग ती निवडेल, मग तो करडा का असेना.

तुमच्या घरातल्या अम्मीला, खालाला, फुफूला शेवटचं कधी विचारलंत, कोणता रंग आवडतो म्हणून?