दारावरच्या तीन रेषा

इंजिनिअरिंगला गेलेल्या पोराला घरचे लोक दोनच कामे सांगतात. एक, पंखा बघ जरा. दोन, हा फॉर्म इंग्रजीत आहे, वाचून सांग. थर्ड इयरचा शेवटचा पेपर देऊन चंद्रपूरला पोचलो तेव्हा घरातले सगळे पंखे चालू होते, त्यामुळे दुसरे काम वाट्याला आले. फॉर्म घराच्या विम्याचा होता.

आमचे घर बिनबा गेटच्या बाहेर, इरई नदीच्या अंगाला. जुने चंद्रपूर गोंड राजांच्या परकोटाच्या आत वसलेले. चार दरवाजे, पाच खिडक्या आणि इरई, झरपट दोन्ही नद्या भिंतीबाहेर. बाबांनी २००४ मध्ये प्लॉट घेतला तेव्हा परकोटाच्या आतला भाव त्यांना झेपणारा नव्हता. बाहेर स्वस्तात मिळाला. स्वस्त का, ते दोनच वर्षांनी कळले.

वरच्या बाजूला इरई धरण आहे, औष्णिक वीज केंद्राला पाणी पुरवणारे. खाली इरई वर्धा नदीला मिळते. वर्धा भरून वाहत असली की इरईचे पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगत येते. त्याच वेळी धरणाचे दरवाजे उघडले की ते पाणी सरळ आमच्या गल्लीत. आजीने दाराच्या चौकटीवर खिळ्याने तीन रेषा ओढून ठेवल्या आहेत. २००६ ची उंबऱ्याच्या वर वीतभर, २०१३ ची गुडघ्याला, २०२२ ची खिडकीच्या गजांना. शेवटची माझ्या चांगली लक्षात आहे. जुलै महिना, ऑगस्टमध्ये सीईटी, आणि माझी फिजिक्सची पुस्तके पलंगाखाली! आम्ही चार दिवस शाळेत राहिलो. परत आलो तर पाण्याचा पंप कुणीतरी नेलेला. पुराने नाही, माणसाने.

तर फॉर्म. जुने कागद लागतील म्हणून बाबांनी घराच्या कर्जाची फाइल काढली. कर्ज २०१९ मध्येच फिटले होते. फाइल चाळताना मधेच एक पिवळा पडलेला कागद सापडला. घराची विमा पॉलिसी! कर्ज देताना बँकेने काढलेली, हप्त्यासोबत दरवर्षी पैसे कापले जात होते. आगीचा विमा असे वर लिहिलेले, पण आत बारीक अक्षरांत वादळ, पूर, पाणी शिरणे, सगळे होते.

"बाबा, २०१३ मध्ये ही पॉलिसी चालू होती."

"ते बँकेचं होतं न बे. आपलं काय त्यात?"

"बँकेचं कसं? घर आपलं, पैसे आपले."

बाबा काही बोलले नाहीत. २०१३ ला प्लास्टर खाली आले होते, वायरिंग पूर्ण बदलावी लागली होती, दारे फुगून बंद होईनाशी झाली होती. त्या दुरुस्तीसाठी आईच्या पाटल्या गेल्या. आई स्वयंपाकघरातून सगळे ऐकत होती. तिने फक्त कुकरची शिटी काढून ठेवली आणि पुन्हा लावली. कर्ज संपले त्याबरोबर तो विमाही संपला, म्हणजे २०२२ ला तर काहीच नव्हते. ज्या वर्षी होता त्या वर्षी माहीत नव्हता, आणि माहीत झाला तेव्हा उरला नव्हता.

आता नवीन निवडायचा होता. १ एप्रिल २०२१ पासून घरासाठी 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांना ठेवावी लागते. पूर त्यातच येतो, वेगळा पुराचा विमा शोधत हिंडावे लागत नाही. बाबांचे म्हणणे होते, घराची किंमत तीस लाख आहे तर तीस लाखाचाच काढू. मी म्हटले, जमीन काही वाहून जात नाही. विमा पुन्हा बांधायच्या खर्चाचा असतो. कार्पेट एरिया गुणिले बांधकामाचा दर. ६०० चौरस फूट, १६०० चा दर धरला तर ९ लाख ६० हजार. (एस्टिमेटिंगचा पेपर पहिल्यांदाच घरी उपयोगी पडला.) त्याच्या २० टक्के रक्कम घरातल्या सामानासाठी आपोआप धरतात, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत. आमच्या फ्रिज-कपाटाला १ लाख ९२ हजार पुष्कळ झाले. जुन्या पॉलिसीत अर्ध्या किमतीचा विमा असेल तर नुकसानही अर्धेच मिळायचे, ती कटकट यात नाही. आणि पुरानंतर सात दिवसांच्या आत त्या गडबडीत चोरी झाली तर तीही धरतात. पंपाची आठवण झाली.

"पण आता तर २०२२ ला येऊन गेला. इतक्यात कुठं येते?" बाबा म्हणाले. हा प्रश्न आम्हाला हायड्रॉलॉजीच्या व्हायवाला विचारला होता आणि मी तोंडावर पडलो होतो. निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. पण 'एकदा' म्हणजे येऊन गेला की पंचवीस वर्षे सुट्टी, असे नाही. दरवर्षी ४ टक्के शक्यता, मागच्या वर्षी आला असला तरी. वीस वर्षांचा हिशेब केला तर निळ्या रेषेपर्यंत निदान एकदा पाणी येण्याची शक्यता ५६ टक्के निघते. लाल रेषेची १८. बाबांनी कॅल्क्युलेटरवर स्वतः करून पाहिले, तेव्हा पटले.

खरी अडचण पुढे होती. एजंटाने विचारले, मागे कधी पाणी शिरले होते का? आणि आम्ही तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणाला, "नाही लिहून टाका काका. उगाच नाकारतील नाहीतर पैसे वाढवतील. कोण पाहायला येते?"

बाबांनी पेन उचलला. मीही गप्प बसलो, हे कबूल करतो. आजी दारात बसून गहू निवडत होती. ती म्हणाली, "अन् दार काय झाकून ठेवसान काय?"

मग मला सुचले. दार राहू द्या, २०२२ चा तलाठ्याचा पंचनामा आहे. सानुग्रह मदत आपण सही करून घेतली. उद्या दावा केला, कंपनीचा सर्वेअर आला आणि हे निघाले, तर दहा वर्षे हप्ते भरूनही हातात काही येणार नाही. एजंटाचे काय जाणार? बाबांनी थोडा वेळ विचार केला आणि स्वतःच्या अक्षरात तिन्ही सने लिहिली. एजंट नाराज होऊन चहा न पिता गेला.

आठ दिवस उत्तर आले नाही. ते आठ दिवस मी घरात जरा जपूनच वावरलो. मग फोटो मागवले. मी चौकटीचाही पाठवला, तिन्ही रेषांसकट. पॉलिसी आली. वर्षाचा हप्ता माझ्या एका महिन्याच्या मेस बिलापेक्षा कमी निघाला.

होस्टेलवर येऊन हे रूममेटला रंगवून सांगितले. तो भामरागडचा. पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेले की त्यांच्या गावाचा रस्ताच बंद, आणि हे जवळपास दर पावसाळ्यात. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "सर्वेअर कशात बसून येईल, डोंग्यात?" त्याच्या काकाचे घर बांबूच्या ताट्यांचे. विम्याच्या कागदात अशी घरे 'कच्चे बांधकाम' म्हणून वेगळी काढलेली आहेत. सगळ्यात आधी ज्याचे घर जाते तोच वेगळ्या रकान्यात! यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. मेसची घंटा झाली म्हणून सुटलो.

मूळ पॉलिसी आता घरी माळ्यावर आहे, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत. झेरॉक्स माझ्या ट्रंकेत. आजीने बजावून ठेवले आहे, ट्रंक पलंगाखाली ठेवू नको. मी तिला सांगितले, आजी, होस्टेलची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. तरी तिने फोन ठेवण्याआधी पुन्हा एकदा विचारलेच.