बाबांच्या जीपचा क्लच

काल एकदाचा बाबांच्या महिंद्रा सीजे-३बी चा गिअरबॉक्स खाली उतरवला. ट्रान्सफर केससकट, त्यामुळे मेकॅनिकची आणि माझी, दोघांचीही कंबर कामातून गेली!

१९९१ साली ही जीप चढावर ओढेनाशी झाली आणि घरात ठरूनच गेलं, की गिअरबॉक्स मी घालवला. नुकताच चालवायला शिकत होतो ना. या तीन गिअरवाल्या बॉक्समध्ये पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही. गाडी पुरती थांबायच्या आत पहिला टाकला की खर्रर्र... आणि मग बाबांची ती नजर.

झाकण काढून बॅटरीच्या उजेडात पाहिलं. पहिल्या गिअरच्या दातांच्या कडा बोथट झाल्यात, तो पराक्रम माझाच. पण तुटलेला दात एकही नाही. क्लचप्लेट मात्र पार रिव्हेटपर्यंत झिजलेली, फ्लायव्हीलवर चरे, रिलीज बेअरिंग हातात फिरवलं तर खरखरतंय. क्लचवर पाय ठेवून चालवायची सवय बाबांची!

प्लेट आईला दाखवली. "आता कुणाला ऐकवणार आहेस?" एवढंच म्हणाली.

असो. फ्लायव्हील उद्या लेथवर द्यायचंय.