अंडी फुटता कामा नयेत

मी गाड्यांवर सहसा लिहीत नाही, रस्त्यांवरच लिहितो. पण आज एका फ्रेंच गाडीबद्दल सांगायचंय. सिट्रोएन टू सीव्ही.

१९३० च्या दशकात कंपनीचे प्रमुख पिएर बुलांजे यांनी इंजिनिअरांना काम दिलं. दोन शेतकरी आणि ५० किलो बटाटे ताशी ६० किमी वेगाने नेणारी गाडी, तीही १०० किलोमीटरला ३ लिटर पेट्रोलमध्ये. वर आणखी एक अट: नांगरलेल्या शेतातून टोपलीभर अंडी नेली तरी एकही फुटता कामा नये! गिऱ्हाईक कोण, तर कालपर्यंत घोडागाडी हाकणारा माणूस.

मग युद्ध आलं. जर्मनांच्या हाती लागू नयेत म्हणून नमुन्याच्या काही गाड्या लपवल्या, बऱ्याचशा मोडून टाकल्या. १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात गाडी आली तेव्हा पत्रकारांनी (आमचीच जमात!) तिची टिंगल केली. इंजिन जेमतेम ३७५ सीसी, छत कापडाचं. पण खुबी खाली होती. पुढच्या आणि मागच्या चाकाचं सस्पेन्शन एकमेकांना जोडलेलं, त्यामुळे एक चाक खड्ड्यात गेलं तरी गाडी डोलत पुढे जायची. लोकांनी वर्षानुवर्षं नंबर लावून ती घेतली. १९९० पर्यंत ती बनत होती.

मला गाडीपेक्षा ती अंड्यांची अट आवडते. आधी माणूस आणि त्याचा रस्ता बघितला, मग कागदावर रेघ ओढली.

आपल्या आठवडी बाजाराच्या नव्या ओट्यांचा आराखडा तयार आहे म्हणतात. टोपली घेऊन बसणाऱ्या बायांना कुणी काही विचारलं का? सोमवारी साडेअकराला नगरपालिकेत तेवढंच विचारायला जातोय. यायचं असेल त्यांनी या.