विकण्याचा हक्क

हॅलिफॅक्स, कॅनडा

दादा,

इथल्या मिकमॉ या मूळनिवासी लोकांच्या मच्छीमारांना कोर्टाने हक्क दिलाय, मग भांडण कसलं, असं तू विचारलंस. फोनवर धड सांगता आलं नसतं, म्हणून लिहितोय.

डोनाल्ड मार्शल या मिकमॉ माणसाने 1993च्या ऑगस्टात पॉमकेट बंदरात 463 पौंड वाम धरली आणि 787 डॉलर 10 सेंटला विकली. परवाना नाही, त्यात बंदीचा काळ. गुन्हा दाखल झाला. (याच माणसाने त्याआधी न केलेल्या खुनासाठी 11 वर्षं तुरुंगात काढली होती. काय नशीब!) खटला सुप्रीम कोर्टात गेला. 17 सप्टेंबर 1999ला निकाल लागला, की ब्रिटिशांशी झालेल्या 1760-61च्या तहांनुसार मिकमॉंना मासे धरून, विकून ‘माफक उपजीविका’ करायचा हक्क आहे. माफक म्हणजे अन्न, वस्त्र, घर आणि थोडीफार सोय, पैसा साठवणं नव्हे. पण त्यासाठी शेवंडीचे सापळे किती लागतात आणि ते ठरवणार कोण, इथे घोडं अडलं.

सरकारने जुन्या मच्छीमारांचे परवाने विकत घेऊन मिकमॉ वस्त्यांना दिले, होड्या आल्या; पण हंगाम आणि नियम सरकारचेच. शेवटी 2020मध्ये, बरोबर त्याच 17 सप्टेंबरला, सिपेकनेकाटिक या वस्तीने सॉल्नियरव्हिलच्या धक्क्यावर स्वतःचे मोजके परवाने वाटले, प्रत्येकी 50 सापळ्यांचे. शेजारचा गोरा मच्छीमार एका परवान्यावर 375 ते 400 सापळे टाकतो आणि त्या पट्ट्यात असे परवाने नऊशेच्या वर आहेत. तरीही गहजब झाला. हंगाम नोव्हेंबरअखेर सुरू होतो, त्याआधी शेवंड धरली तर बीज संपेल, असं गोऱ्या मच्छीमारांचं म्हणणं. भीती खोटी म्हणत नाही मी, पण एवढ्याशा सापळ्यांनी दर्या रिकामा होत नाही. ऑक्टोबरात जमाव चालून गेला, मिकमॉंचा माल ठेवलेल्या वखारीला घेराव पडला आणि पुढे ती जळून खाक झाली.

आगीचे फोटो जगभर गेले. खरी गळचेपी मात्र एका साध्या नियमात होती. केंद्राचा धंद्याचा परवाना नसलेल्याकडून व्यापाऱ्याने माल घ्यायचा नाही, हा इथल्या प्रांताचा कायदा. म्हणजे पकडा खुशाल, विकणार कुणाला? इथल्या शेवंडीला खेकड्यासारख्या दोन दांडग्या नांग्या असतात. धरल्या धरल्या रबरबँड चढवतात, नाहीतर एकमेकींना फाडतात. ती जिवंत विकली गेली तरच पैसे, मेली की मातीमोल. गिऱ्हाईक अडवलं की होडी आपोआप बसते, पोलीस लागत नाहीत. मार्शलवरच्या आरोपांतही विकण्याचा आरोप होताच ना?

2021मध्ये दोन गोष्टी घडल्या. काही मिकमॉ वस्त्यांनी एका भागीदार कंपनीसोबत क्लिअरवॉटर ही अवाढव्य मासळी कंपनी सुमारे 1 अब्ज डॉलरला घेतली. आणि पॉट्लोटेक या छोट्या वस्तीने सरकारशी तात्पुरता समझोता केला. सरकारी हंगाम मान्य करून आपल्या योजनेखाली धरलेली शेवंड कायदेशीर विकायची मुभा मिळवली. पेपरवाले पहिलीवर खूश. मला दुसरी मोठी वाटते. कंपनीचा नफा वस्तीला मिळेल, पण धक्क्यावरून रोज निघणाऱ्या होड्या त्याने वाढत नाहीत. समझोता करताना पॉट्लोटेकला हंगामाचं नमतं घ्यावं लागलं, हे कुणाकुणाला खटकलंही. पण त्यांची शेवंड उघड विकली गेली.

आपल्याकडे वेगळं काय आहे? बाबा जाळं टाकायचे, पण घर चाललं ते आईच्या मासळी विकायच्या पाटीवर. पुढच्या महिन्यात मच्छीमार सोसायटीची सर्वसाधारण सभा आहे. जेटी, डिझेल परतावा, एलईडी दिवे लावून मासे धरणाऱ्यांचा त्रास हे विषय निघतीलच, निघायलाच हवेत. त्यात आणखी एक घाल. मासळी बाजाराची इमारत पाडायची बोलणी चालू आहेत म्हणालास, तर तिथे बसणाऱ्या प्रत्येक बाईची जागा तिच्या नावावर नगरपालिकेकडून आधी लिहून घ्या, मगच बाकीचं बोला. आणि त्या दिवशी सभेला बायकांना बोलाव, फक्त चहापाण्याला नको.

तुझा धाकटा