दोन उजवे गाल

पोशेऱ्याच्या आमच्या घरात ओटीवर आजाचा मोठा फोटो आहे. काळा कोट, सरळ मान, उजळ रंग. आजाने आयुष्यात कोट घातला नव्हता आणि त्याचा रंग नागलीच्या भाकरीसारखा होता, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तरी गेल्या पावसाळ्यात त्याचा छोटा अर्धपुतळा करायला बसलो, तेव्हा समोर तोच फोटो ठेवला. दुसरा नव्हताच.

मी चित्रकलेचा शिक्षक. माती हातात आली ती आमच्या बोहाड्यामुळे, म्हणजे मुखवटे घालून सोंगं नाचवायच्या उत्सवामुळे. जव्हारजवळ रामखिंडीत कागदाच्या लगद्याचे मुखवटे होतात, ते लहानपणी तासन् तास बघत बसायचो. पुढे अलिबागजवळ सासवण्याला विनायक करमरकरांचं घर पाहिलं. पुण्यातला 1928 सालचा अश्वारूढ शिवाजी घडवणारा हा माणूस, पण त्याच्या त्या घरात साध्यासुध्या माणसांचीही सिमेंटमधली शिल्पं आहेत. तेव्हाच ठरवलं, आपला आजाही असा झाला पाहिजे. मोठा नको, फडताळात मावेल एवढा.

डोकं हनुवटीपासून टाळूपर्यंत साडेपाच सेंटिमीटर धरलं. खऱ्या डोक्याच्या साधारण पाव. हे माप लहान दिसतं, पण फसवं आहे. इथे एक मिलिमीटर चुकला की खऱ्या चेहऱ्यावर चार मिलिमीटर चुकतात, आणि चार मिलिमीटरने नाक सरकलं तर माणूस बदलतो. दोन बाहुल्यांमधलं अंतर जेमतेम सोळा मिलिमीटर. पापणीची जाडी खरी मोजून केली तर दिसतच नाही. ती थोडी जास्त उचलावी लागते, म्हणजे तिच्याखाली सावली पडते आणि नजर येते. तारेचा सांगाडा, वर प्लॅस्टिसीन, बांबूची कोरणी मी घरीच तासलेली. शाडूने एवढ्या लहान कामाला तडे जातात.

दोन महिने काम केलं. मापं सगळी बरोबर. डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर, कान भुवई आणि नाकाच्या बुडाच्या दरम्यान. आत्याला दाखवलं. तिने हातात घेतलं, उजेडाकडे धरलं आणि म्हणाली, "चांगला झालाय रे पोरा. कोण हा?"

ते दोन शब्द अजून टोचतात.

पुन्हा फोटोसमोर बसलो. नाक बारीक केलं, गाल खोल केले, कपाळावर आठ्या घातल्या. आठ्यांनी म्हातारा झाला, पण आजा झाला नाही. शेवटी कंपास घेऊन फोटोच मोजायला लागलो. मधल्या रेषेपासून उजव्या डोळ्याचा कोपरा जितका, डावाही तितकाच. नाकपुडी तितकीच. ओठाचं टोक तितकंच. मग कानांकडे पाहिलं. उजव्या कानाच्या पाळीला लहानशी खाच होती, डाव्यालाही तीच खाच, तेवढ्याच उंचीवर, फक्त उलटी. कागद उभा धरून अर्धा चेहरा झाकला, मग दुसरा अर्धा. काही फरकच नाही. जिवंत माणसाचे दोन गाल असे कधी नसतात.

आत्याने मग सगळं सांगितलं. आजा 2003 साली गेला. त्याचा एकच फोटो होता, एका लग्नातला. तो मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता आणि चेहऱ्याची डावी बाजू खांबाआड गेली होती. तो फोटो एका स्टुडिओत मोठा करायला दिला. त्यांनी खांब काढला, उजवी बाजू उलटवून डावीकडे चिकटवली, वाकडी मान सरळ केली, रंग उजळला, कोट चढवला. मूळ फोटो मागितला तर म्हणाले, हरवला. आत्या तीन वेळा गेली होती. मजुरी बुडवून, एसटीचं भाडं खर्चून. चौथ्या वेळी तिला दारातच सांगितलं की आता येऊ नका, एवढा मोठा करून दिला ना.

मला खोट्या कोटाचा राग नाही. कोट तर तेव्हा सगळ्यांच्याच फोटोंना लावायचे. राग हा की आमच्या माणसाचा अर्धा चेहरा कुणी न विचारता फेकून दिला आणि जागा भरून टाकली, जणू त्या बाजूला काही नव्हतंच. आणि तो खरा कागद, त्यातला खरा उजवा गाल, तोही परत दिला नाही. ज्यांच्या घरात शंभर फोटो असतात त्यांना हे कळायचं नाही. मी सांगतो, म्हातारी माणसं घरात असतील तर आजच त्यांचे फोटो काढा. समोरून, दोन्ही बाजूंनी आणि मागूनसुद्धा. मोबाइल तोंडाजवळ नेऊ नका, नाक फुगतं आणि कान मागे जातात. चार पावलं लांब उभं राहा.

मागूनसुद्धा, हे मी उगाच म्हणत नाही. फोटो उलटा करून ठेवला आणि गावातल्या म्हाताऱ्यांकडे गेलो. चेहरा कुणालाच नीट सांगता येईना. पण बोहाड्यात आजा रावणाचं सोंग नाचवायचा, ते प्रत्येकाला आठवत होतं. एकाने उठून, संबळ वाजत असल्यासारखं, ते चालून दाखवलं. मुखवट्याच्या ओझ्याने डावा खांदा वर आणि मान उजवीकडे कललेली. ओझं उतरल्यावरही मान तशीच राहायची म्हणे. आत्याला आठवलं, डावीकडच्या दाढा पडल्या होत्या, घास उजवीकडेच चावायचे. म्हणजे डावा गाल बसका, आणि ओठाचं ते टोक जरा आत ओढलेलं.

चेहऱ्याला हात न लावता आधी मानेची तार वाकवली. कवटीची मागची बाजू, मानेचा खळगा, खांदे, एवढंच आठवडाभर केलं. मग डावा गाल अंगठ्याने एकदाच दाबला. काम पाटीवर होतं, पुतळ्याची पाठ दाराकडे. आत्या लाकडं घेऊन आत आली आणि उंबऱ्यातच थांबली. "बाबा," एवढंच म्हणाली. चेहरा तिने अजून पाहिलाही नव्हता.

मी लगेच म्हटलं, आता तो फोटो काढून टाकू. ती रागावली. "वीस वर्सं त्याला हात जोडते मी. तो पण बाबाच आहे." हार रोज फोटोलाच पडतो. आणि खरं सांगायचं तर परवा दिवा लावताना त्या कोटातल्या माणसाकडे पाहून माझेही हात जोडले गेले.

मातीचा आजा फडताळात आहे. साचा अजून काढलेला नाही, कारण डावा कान राहिलाय. तो कसा होता हे कुणालाच आठवत नाही. डोक्याचं फडकं त्याच्यावर असायचं. फोटोतला कान बघून करता आला असता. तिथे मी नुसता गोळा ठेवलाय.